अवऱ्याच्या दिवसांतली तळी

यंदा अवरे जरा उशिरा आले. बाजारात गेले तर बन्नूरहून पहिल्या बसनं आलेली एक बाई फुटपाथवर पोतं उलटं करत होती, आणि शेंगांचा तो ढीग बघितल्याबरोबर भोवती चारपाच बायका जमल्यासुद्धा. म्हैसूरात हिवाळा काही थंडीनं कळत नाही. सकाळी एक शाल घेतली की भागतं. तो कळतो या वासानं. शेंग सोलली की बोटांना तेलकट चिकटा लागतो आणि त्याचा उग्र, हिरवा वास साबणानंही जात नाही. इथले लोक त्याला सोगडू म्हणतात. ज्या शेंगेला सोगडू नाही ती विकत घेऊ नये, हे मला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकवण्यात आलं.

मी मूळची कराडकडची. सासूबाईंनी आणि आत्याबाईंनी, म्हणजे यांच्या आत्यानं, मोठ्या कौतुकानं माझ्यापुढे शेंगांची रास ओतली होती आणि मी म्हणाले होते, "अय्या, हा तर आमचा पावटा." आत्याबाई आता ऐंशीच्या पुढे गेल्या, सासूबाई जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण ते वाक्य आत्याबाई अजून विसरलेल्या नाहीत. दरवर्षी पहिल्या शेंगा घरात आल्या की म्हणतात, "ये गं, तुझा पावटा आला नोड, बघ."

तर यंदाही म्हणाल्या. मी हसले, थैली ओट्यावर ठेवली, आणि सवयीनं हात तोंडावरून फिरवला. तो वास नाकात गेला आणि मी तिथेच नळाशी उभी राहिले. गेल्या वर्षी याच वासात आम्हाला ठरवायचं होतं, यांचं मूत्राशय ठेवायचं की काढायचं.

यांचं नाव धनाजीराव. नाव ऐकून माणूस घोड्यावरून येईल असं वाटतं, आणि यांचे खापरपणजोबा खरंच यायचे. राजाच्या घोडदळात स्वार होते म्हणे. पुढच्या पिढ्या घोड्यावरून उतरल्या आणि कुणी बँकेत बसलं, कुणी शाळेत. हे लष्कर मोहल्ल्यात एका चिंचोळ्या दुकानात शिलाई मशीनवर बसले. रिक्षाच्या सीटा, स्कूटरची कव्हरं, मंगल कार्यालयातल्या खुर्च्यांच्या गाद्या. रेक्झिन हातात घेऊन ते कुठे फाटणार हे सांगतात. मी चटचट बोलणारी, चटचट ठरवणारी. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, फळ्यावर उत्तर यायच्या आत माझ्या डोक्यात आलेलं असतं. आणि हे एका सीटेला कुठल्या रंगाचा दोरा घालायचा यावर चहा गार करतात.

घोडदळ गेलं, पण घरात दोन गोष्टी राहिल्या. एक तलवार, जी दसऱ्याला कपाटावरून खाली येते. आणि दुसरी चंपाषष्ठीची तळी. खंडोबाचा हा दिवस नेमका अवऱ्याच्या हंगामात पडतो. तांब्याच्या ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवायचा, पाच पुरुषांनी भोवती बसून ते ताम्हन धरायचं आणि मल्हारीच्या नावाचा गजर करत तीनदा वर उचलायचं. घरातला थोरला आधी हात लावतो, मग बाकीचे. आमच्याकडे थोरले हेच. आत्याबाईंचा त्या दिवशीचा दरारा काय सांगावा. आंघोळ करून सोवळ्याचं धोतर नेसलेल्या माणसानं फोनला हात लावला तरी त्याला परत मोरीत पाठवतात.

आजाराची सुरुवात सांगायची तर ती उष्णतेपासून. लघवीला लाल झालं, दुखलं मात्र काहीच नाही. यांनी मला सांगितलं, मी आत्याबाईंना सांगितलं, आणि सगळ्यांचं एकच मत पडलं, हीट झाली असणार. दिवसभर मशीनवर बसतात, उन्हातून येतात, होणारच. यळनीर, म्हणजे शहाळ्याचं पाणी प्या, बार्ली प्या, सब्जा भिजवून घ्या. शहाळ्यांचा मारा सुरू झाला आणि दोन दिवसांत सगळं स्वच्छ. शहाळंवाल्याला आम्ही दुवा दिला. महिन्यानं परत झालं, परत शहाळी, परत स्वच्छ. इकडे कुणालाही विचारा, काय वाटेल ते झालं तरी आधी उष्णताच असते. हा रोग मुळी असाच येत-जात असतो आणि शहाळ्याचा त्याच्याशी काही संबंध नसतो, हे आम्हाला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा आश्विन संपत आला होता.

दुर्बीण घालून गाठ खरवडून काढली, तपासायला पाठवली, आणि ती मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोचली आहे असं कळलं. डॉक्टरीणबाई तरुण, शांत. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. एक वाट अशी की आधी केमो द्यायची आणि मग मूत्राशय काढून टाकायचं. आतड्याच्या तुकड्यातून पोटावर उजवीकडे वाट करून द्यायची आणि तिथे कायमची पिशवी लावायची. दुसरी वाट अशी की मूत्राशय ठेवायचं, रेडिएशन आणि केमो बरोबर द्यायची, मग दर काही महिन्यांनी दुर्बिणीनं बघत राहायचं. परत आलंच तर तेव्हा काढायचं. आतल्या आत नवी पिशवी करण्याचीही सोय असते, पण यांची गाठ मूत्राशयाच्या तोंडाशी असल्यानं ती यांना चालणार नव्हती. दोन्ही वाटा तुमच्या बाबतीत चुकीच्या नाहीत, त्या म्हणाल्या, पण फार लांबवू नका, संक्रांतीच्या आत सांगा.

हे म्हणाले, "तुमच्या वडलांना असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"माझे वडील दिवसभर पेपर वाचत बसतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही दिवसभर काय करता, तुम्हाला काय सोडवत नाही, ते मला कुठे माहीत आहे? ते तुम्हीच बघायचं."

बाहेर आल्यावर हे चिडले. "आपण त्यांना विचारायला जायचं, आणि त्या आपल्यालाच विचारतात. मग डॉक्टर कशाला?" मला मात्र हसू आलं. कारण आत असताना यांनी नमुन्याची पिशवी हातात घेतली होती, कड दोन बोटांत चोळली होती, उजेडाकडे धरली होती, आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, "याला शिलाई नाही. डकवलेलं आहे. उन्हात सुटत नाही का?"

माझं उत्तर तयार होतं. काढून टाकायचं. रोग आत ठेवून त्याला दर तीन महिन्यांनी दुर्बिणीतून नमस्कार करायचा, हे मला जमणारं नव्हतं. लेक पल्लवी बेंगळुरूला असते, तिचंही तेच. तिचं मराठी निम्मं कानडी, निम्मं ऑफिसचं. "पप्पा, रिस्क बेडा, नकोच ती. सर्जरीच करायची, आय्ता?" आणि हे काय म्हणायचे? "बघू." सकाळी बघू, जेवताना बघू. मी कागदावर दोन रकाने करून दोन्हीकडचे फायदे-तोटे लिहून दिले, तो कागद त्यांनी व्यवस्थित घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, बघू. मला इतका राग येई की भांडी जोरात आपटली जात. ज्या माणसाला जगायचं आहे तो इतका कसा घुटमळतो, हे मला उमगत नव्हतं. आणि रागाच्या खाली सरळ भीती होती. यांच्याशिवाय मी या गावात कोण, ही भीती.

डॉक्टरीणबाईंच्या ओळखीनं एक गृहस्थ भेटले. नंजनगूडहून रोज रेल्वेनं कामाला येणारे, पोटावर पिशवी लावून तीन वर्षं झालेली. त्यांनी शर्ट वर करून दाखवलं, इतकं सहज की घड्याळ दाखवावं. म्हणाले, गाडीत गर्दी झाली की लघवी कोंडून बाकीचे कासावीस होतात, मी तेवढा निवांत बसलेला असतो. हे हसले. परत येताना मी आशेनं बघत होते, आता बोलतील. घर आलं तरी बोलले नाहीत.

मग चंपाषष्ठी आली. गेल्या वर्षीची ती तळी मला नीट आठवते. हे, यांचा धाकटा भाऊ, दोन पुतणे आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी, असे पाच. वांग्याच्या भरताचा आणि अवऱ्याच्या साराचा वास घरभर. गजर झाला, ताम्हन एकदा वर गेलं, दोनदा गेलं, तिसऱ्यांदा गेलं आणि तिथेच थांबलं. यांनी ते वर धरून ठेवलं. पुतण्यांचे हात थरथरायला लागले तरी खाली येईना. भुवयांवर भंडारा, डोळे मिटलेले. मला वाटलं, बरं होऊ दे म्हणून मागताहेत. मीही हात जोडले.

त्यानंतर दोनतीन दिवसांनी आम्ही दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसून हितकिदबेळे करत होतो. हे काम बाहेरच्या माणसाला वेडेपणा वाटेल. सोललेले अवरे रात्रभर पाण्यात भिजवायचे, आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. सालातून डाळ टुणकन उडते. एकेक दाणा. पातेलंभर दाण्यांना अख्खी सकाळ जाते. हे काम कधी एकट्यानं करत नाहीत, वेड लागेल. आणि यात एक सोय असते, नजर दाण्यावर ठेवावी लागते. समोरच्याकडे बघावं लागत नाही.

"यंदा तळी नीट झाली ना?" हे दाण्याला विचारावं तसं म्हणाले.

"झाली की. तुम्ही खालीच आणेनात."

"मला वाटलं, नीट उचलून घेऊ. पुढच्या वर्षी कोण उचलतंय."

माझ्या हातातला दाणा भलतीकडे उडाला. "म्हणजे काय? तुम्ही पुढच्या वर्षी नसणार असं ठरवलंय का?"

"असं नाही गं. असेन की. पण ती पिशवी लागली, तर तळीला कसा बसू?" ते दाबत होते, डाळ उडत होती. "चोवीस तास अंगावर मूत घेऊन फिरणारा माणूस. आंघोळ केली तरी ते तिथंच. कसलं सोवळं? देवाच्या ताम्हनाला हात कसा लावू? आत्या काय म्हणेल ते सोड. मलाच नाही होणार."

तर हे होतं. माझ्या दोन रकान्यांत कुठेच नव्हतं. मी मरणाचा हिशेब मांडत होते, आणि हा माणूस त्या ताम्हनाभोवती फिरत होता. त्याच्यासाठी ते रोगाला आत राहू द्यायला तयार होते. मला आधी चीड आली, मग वाटलं, किती दिवस हे मनात धरून बसले असतील, आणि मला सांगितलं तर मी काय म्हणेन याची त्यांना खात्री असणार. मी उडवून लावलं असतं. तीस वर्षांच्या संसारात बायकोला एवढं तरी कळतं.

म्हणून मी गप्प बसले. माझ्यासाठी ते फार अवघड काम. चारपाच दाणे तसेच गेले. आणि मग काही विचार न करता माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुमचा देव कशावर बसतो हो?"

"कशावर म्हणजे? घोड्यावर."

"घोडा सोवळ्यात असतो का? तो कुठे उभा राहून काय करतो, ते देवाला दिसत नाही? आणि बरोबर कुत्रं. देव्हाऱ्यातल्या टाकावर दोघेही आहेत. तुम्ही दोघांनाही गंध लावता. त्यांना कुणी मोरीत पाठवलेलं मी तरी पाहिलं नाही."

यांनी मान वर केली. आधी तोंड उघडं राहिलं, आणि मग जे हसायला लागले ते थांबेनात. पोटाशी हात धरून हसले. कित्येक आठवड्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. बाहेरून आत्याबाईंनी विचारलं, "काय झालं रे धनू?" हे म्हणाले, "काही नाही आत्या, सुम्ने, उगीच. ही घोड्याचं सांगतेय."

मला वाटलं होतं, आता लगेच म्हणतील, ठरलं. तसं झालं नाही. मीही विचारलं नाही. त्या दिवशी मला एक कळलं, उशिरा कळलं: मी त्यांना जगवायला निघाले होते, पण जगणार ते होते. रोज सकाळी ती पिशवी त्यांना रिकामी करायची होती, किंवा रोज सकाळी परत आलंय का ही धास्ती त्यांना वागवायची होती. मी शेजारी बसू शकते, दाणे दाबू शकते. त्यांच्या वाटचं ठरवू शकत नाही. माझ्यासारखीला हे गिळायला जड गेलं, अजूनही जातं.

मग एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "काढू दे." मी मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाले, "एक सांग. वास आला, गळलं, काही झालं, तर मला सांगशील? मला कळणार नाही कदाचित."

"सांगेन."

"लोकांच्या देखत नाही."

"नाही. खूण करीन."

"कसली खूण?"

"ते तेव्हा बघू," मी म्हणाले. बघू हा शब्द माझ्या तोंडी आलेला ऐकून ते पुन्हा हसले.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. केमोत केस गेले, चव गेली. एकदा माझ्या हातचं सार खाऊन म्हणाले, लोखंड शिजवलंस का. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. पहिल्यांदा पिशवी बदलताना आमच्या दोघांचे मिळून चार हात होते आणि त्यातला एकही कामाचा नव्हता. नर्सनं दाखवलेलं सगळं विसरून आम्ही मोरीत ओले उभे होतो, आणि हे रडले. मीही रडले. मग मी म्हटलं, नवीन मशीन आहे असं समजा, पहिली सीट वाकडीच जाते. पावसाळा लागेपर्यंत त्यांचा हात बसला. दुकानात जायला लागले तेव्हा पहिलं काम काय केलं, तर जुन्या मऊ धोतराचं आपल्या पिशवीला अस्तर शिवलं, कंबरेच्या पट्ट्यासकट. टाके असे की डॉक्टरीणबाईंनी उलटून बघितलं. आता डॉक्टरीणबाईंच्या ओळखीच्यांपैकी दोघांना यांनी तशी अस्तरं शिवून दिली आहेत. नंजनगूडच्या गृहस्थांनी निळा रंग मागितला, त्या दोऱ्यावर तीन दिवस गेले.

आणि परवा चंपाषष्ठी झाली.

घोड्याचं बोलणं हसण्यावारी ठीक, पण धोतर नेसायची वेळ आली तेव्हा हे दाराशी उभे राहून म्हणाले, "यंदा धाकट्यालाच पुढे बसवू का? मी बाजूला बसतो." मी न बोलता उभी राहिले हे बघूनच बहुधा, परत आत गेले. पिशवी नवी लावली, दोनदा तपासली, रिकामी केली, आणि पांढरंशुभ्र धोतर नेसून आले. आत्याबाई खुर्चीवर बसल्या होत्या, यांच्या अगदी मागे. त्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नाही. नाक मात्र असं आहे की शेजाऱ्यांचं दूध लागलेलं कळतं. "बैस रे धनू," त्या म्हणाल्या, "तुझ्या आधी कुणाचा हात लागत नाही."

पाच जण बसले. यांनी हात लावला, मग बाकीच्यांनी. गजर झाला आणि ताम्हन वर गेलं. त्यासाठी पुढे वाकावं लागतं, पोट दुमडतं. ताम्हन खाली आलं तेव्हा मला दिसलं. धोतरावर, उजव्या बाजूला, रुपयाएवढा ओला डाग. बघता बघता तो बशीएवढा झाला. कड सुटली होती. डकवलेलं होतं ना.

यांनीही खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. गेल्या वर्षभरात हॉस्पिटलात, मोरीत, कुठेही त्यांचा चेहरा इतका पडलेला मी पाहिला नव्हता. दुसऱ्यांदा उचलायचं होतं आणि त्यांचे हात ताम्हनावरून सुटायला लागले. ते एका बाजूला कललं, एक सुपारी घरंगळली. बाकीच्या चौघांची नजर सुपारीवर गेली.

माझ्यापुढे भंडाऱ्याची परात होती. बायका भंडारा वर उधळतात. मी मूठ भरली आणि वर नाही, सरळ यांच्या मांडीवर मारली. परत भरली, परत मारली. छातीवर, पोटावर, मांडीवर, जमिनीवर. पुतण्यांना वाटलं काकूच्या अंगात आलं. त्यांनीही डाव्या हातानं उधळायला सुरुवात केली. क्षणात पांढरं काही उरलं नाही. धोतर पिवळं, जमीन पिवळी, माणसं पिवळी. ओलं कुठलं आणि कोरडं कुठलं, ते आता कुणाला कळणार नव्हतं.

एका माणसाला सोडून. आत्याबाईंनी मान जराशी वर करून हवा हुंगली. माझी मूठ परातीतच थांबली. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "अजून टाक गं. हात का आखडतेस? देवाच्या घरी काय कमी आहे?"

यांचे हात परत ताम्हनावर घट्ट झाले. दुसऱ्यांदा वर गेलं. तिसऱ्यांदा वर गेलं. आणि गजराला आवाज असा लागला की वरच्या मजल्यावरचं बाळ जागं झालं.

सगळे पाया पडून पांगले, खोबरं वाटून झालं, तेव्हा हे उठले. पायापासून केसांपर्यंत हळद. माझ्याजवळून मोरीकडे जाताना थांबले आणि हळूच म्हणाले, "हीच का तुझी खूण?"

"हीच," मी म्हटलं. "आता जा, धोतर बदला. उद्यासाठी अवरे भिजत घालायचेत, आणि एकटीला वेड लागेल."